हळू चालेल तो पुढे

कप्तानाने बुटाची लेस सोडली आणि पुन्हा करकचून आवळली. तेवढ्यात त्याची लेक गळ्यात शिट्टी अडकवत जवळ आली.

“बाबा, आज तुम्ही पुढे.”

लहान तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या मंडळींपैकी कुणी मान वर केली नाही. दाताच्या डॉक्टरांना एकाएकी आपल्या पिशवीच्या पट्ट्यात काहीतरी बिघाड सापडला. बँकेत काम करणाऱ्या दोघी बहिणी पाण्यातल्या बदकांकडे अशा मन लावून पाहू लागल्या, की बदक हा पक्षी जणू त्यांना आजच समजला. कप्तानाच्या शेजारी त्याची बायको उभी होती, तिला सगळे काकू म्हणत. यात एवढं गप्प होण्यासारखं काय आहे, ते काकूंना कळेना. पुढे चला म्हणाली, चांगलंच आहे की. पण काकू या मंडळींबरोबर आज पहिल्यांदाच आल्या होत्या.

नियम असा होता, की जो सगळ्यांत हळू चालतो त्याने ओळीच्या पुढे राहायचं. बाकीच्यांनी त्याच्या चालीने मागून यायचं, त्याला ओलांडायचं नाही, तो थांबला की थांबायचं. नियम लेकीचा होता. गेल्या उन्हाळ्यात तिने तो पहिल्यांदा सांगितला तेव्हा कप्तान घरी अंथरुणात पडून होता, आणि पडल्यापडल्याही त्याने टोमणा मारला होता, की आता गोगलगायीच्या हाती लगाम द्या म्हणजे झालं. आज लगाम त्याच्याच हाती आला होता.

कप्तानाने जन्मात कधी जहाज पाहिलेलं नव्हतं. पूर्वी तो उन्हासाठी एक पांढरी टोपी घालायचा, त्यावरून हे नाव पडलं, आणि टोपी फाटून गेली तरी नाव टिकलं. उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी ही मंडळी लहान तळ्यापासून निघून, टेकड्या चढून, खिंड ओलांडून, पलीकडच्या मोठ्या तळ्याच्या काठाकाठाने जात, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या पुढे कप्तान असे. त्याच्या काळात पद्धतच निराळी होती. कप्तान बाणासारखा पुढे, बाकीचे आपापल्या दमाने मागे. प्रत्येक चढाच्या माथ्यावर तो थांबायचा, पाणी प्यायचा, वारा खायचा, आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोचला रे पोचला, की म्हणायचा, “चला!” ज्याला विसाव्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच तो कधी मिळत नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. लेकीच्या आलं होतं, कारण लहानपणी तो शेवटचा माणूस बहुतेक वेळा तीच असायची. आता ती शहरातल्या तरणतलावावर पोहायला शिकवत होती, तिच्या एका शिट्टीसरशी पन्नास पोरं पाण्याबाहेर येत, आणि रविवारी ती या ओळीच्या अगदी शेवटी चालत असे.

मागच्या वर्षी कप्तानाची छाती उघडून हृदयाची दुरुस्ती झाली. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते, वर्षभराने चढ चढायला हरकत नाही, पण दमादमाने. त्यावर काकूंनी घरी आपली अट घातली. त्या बरोबर येणार. खिंडीपर्यंत कप्तानाने चढायचं. खिंडीत त्या त्याची नाडी बघणार, चेहरा बघणार, आणि पुढे मोठ्या तळ्याकडे जायचं की डावीकडच्या छोट्या वाटेने रस्त्यावर उतरून मंडळींचे डबे नेणाऱ्या व्हॅनमध्ये बसायचं, ते त्या ठरवणार. आणि आज व्हॅनमध्ये बसावं लागलं, तर पुढच्या सगळ्या रविवारी व्हॅनच. सगळ्यांचे डबे आणि चहाची किटली सांभाळत मोठ्या तळ्यावर जाऊन वाट बघायची. उंटावरून शेळ्या हाकायच्या, असं कप्तान त्याला म्हणाला. टेकड्या गेल्या तर आपलं काय उरतं, हे तो स्वतःलासुद्धा विचारत नव्हता.

तरी अट त्याने झटकन मान्य केली. काकूंना त्याचं नवलच वाटलं. नवल वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. ही बाई पहिल्या चढातच खाली बसेल आणि नाडी बघायला खिंडीत कुणी नसेल, असा कप्तानाचा पक्का हिशेब होता.

“चला,” कप्तान म्हणाला, आणि निघाला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. गवतातून वर जाणाऱ्या पायवाटेवर कप्तानाने असा काही पाय उचलला, की त्याला ओलांडायची कुणाला बंदी करण्याची गरजच उरली नाही. आपण पुढे आहोत ते हळू आहोत म्हणून, ही गोष्ट त्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खोटी पाडायची होती. ऊन अजून कोवळं होतं, तळ्यावरून गार वारा येत होता, आणि अख्खी ओळ त्याच्या मागे अक्षरशः फरफटत होती. दाताच्या डॉक्टरांनी या वर्षी नवे बूट, नवी काठी आणि घाम टिपून घेणारा महागाचा शर्ट घेतला होता. शर्टाला टिपता येईना इतका घाम त्यांना पहिल्याच वळणावर आला. मागून शिट्टी वाजली. कप्तानाला ती ऐकू आली, पण तो आणखी थोडा चढून गेला. पुन्हा शिट्टी वाजली, लांबलचक, आणि आता मात्र तो थांबला.

लेक ओळीच्या कडेने वर आली. चिडली असेल असं त्याला वाटलं होतं, पण ती घाबरलेली होती.

“बाबा, तुम्हाला काही झालं तर आई मला काय म्हणेल ते जाऊ दे. मी स्वतःला काय म्हणू?”

ती परत खाली आपल्या जागी गेली. त्यानंतर कप्तान हळू चालू लागला, मनापासून नव्हे, पण हळू. पाय टाकायचा, श्वास सोडायचा, पाय टाकायचा. वर्षभर तो स्वतःच्या श्वासाखेरीज दुसरं काही ऐकत नव्हता. रात्री अंथरुणात, जिन्यात, न्हाणीघरात, सगळीकडे कान आत लावलेला. आताही त्याला श्वास ऐकू येऊ लागला. आधी बारीक, मग फरफर, मग खरवडल्यासारखा. त्याने छातीवर हात ठेवला. आत तर सगळं शांत वाटत होतं. हे बरं लक्षण नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि तो थांबून उभा राहिला. स्वतःचा श्वास त्याने रोखून धरला.

आवाज चालूच होता.

तो वळला. काकू त्याच्या अगदी मागे उभ्या होत्या. चेहरा लालबुंद झालेला, केस कपाळाला चिकटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याने वळून पाहिलं तशा त्या चटकन सरळ झाल्या आणि त्याच्या मनगटाकडे हात पुढे केला.

“तुम्हाला... कसं... वाटतंय?”

एवढं वाक्य बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. कप्तान त्यांच्याकडे पाहतच राहिला. काखेत कळसा म्हणतात तो असा. इथे सगळी मंडळी त्याच्या हृदयावर डोळे लावून बसली होती, आणि दम निघाला होता त्याच्या पाठीशी चिकटून चालणाऱ्या बाईचा.

वर पुढच्या वळणावर एक सपाट दगड दिसत होता. ज्याला जमत नाही तो तिथे बसतो, आणि कुणीतरी त्याला लहान तळ्याकडे परत पोचवतं, ही कप्तानाच्याच काळातली रीत. आता नुसतं गप्प राहून चालत राहिलं की झालं. काकू दगडापर्यंत येतील, बसतील, आणि खिंड मोकळी. हिशेब केला होता तसाच जुळत होता. इतका बिनचूक, की कप्तानाला स्वतःचीच थोडी किळस आली.

काय बोलायचं ते त्याच्या जिभेवर आलेलं होतं. तुला नाही जमायचं, चढ आहे. ओठ उघडता उघडता त्याच्या लक्षात आलं, की हे वाक्य आपण पूर्वी बोललो आहोत.

लग्न झालं त्याच वर्षी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर दोन खोल्या. काकू काउंटरमागे बसून बारक्या स्क्रूड्रायव्हरने कुणाच्यातरी चष्म्याची काडी आवळत होत्या, आणि मान वर न करता त्यांनी विचारलं होतं, की येत्या रविवारी मी येऊ का तुमच्याबरोबर. त्याने हसून ते उत्तर दिलं होतं, त्याच्या मते अगदी प्रेमाने. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे दुकान वाढलं, रविवारी गर्दी होऊ लागली, कारण लोकांना डोळे तपासायला सुट्टीचाच दिवस मिळतो, आणि कप्तान टेकड्यांवर नि काकू काउंटरमागे हे इतकं अंगवळणी पडलं, की ते कुणी ठरवलं होतं याची कुणाला आठवणही राहिली नाही. संध्याकाळी तो धुळीच्या बुटांनी दुकानात शिरे, काउंटरवर रेलून मोठ्या तळ्याचं वर्णन करी, आणि काकू काचा पुसता पुसता ऐकत. माणूस बोलून मोकळा होतो, आणि ऐकणारा ते शब्द घेऊन बसतो.

आज सकाळी दुकानाच्या शटरवर काकूंनी स्वतः पाटी लावली होती. रविवारी ते शटर बंद असल्याचं शेजारच्या न्हाव्यानेही प्रथमच पाहिलं.

कप्तानाने हात वर केला आणि ओळीच्या टोकाकडे बघून हाक मारली.

“अगं, इकडे ये. हळू चालेल तो पुढे, असंच ना?”

लेक पुन्हा वर आली. तिने बापाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तिचा चेहरा पडला. तिच्याही नजरेतून सुटलं होतं.

“मग आता ही पुढे,” कप्तान म्हणाला.

काकू भडकल्या. दम नव्हता तरी भडकल्या. मी काय तुमच्यासारखी दुरुस्त करून आणलेली आहे का, असं त्या म्हणाल्या, आणि मी हळू चालते हे तुम्हाला कोण म्हणालं, आणि या सगळ्यांच्या देखत. त्यावर कप्तान त्यांना समजावू लागला, की यात कमीपणा काही नाही, उलट हा मान आहे, पुढच्या माणसाच्या चालीवर सगळी ओळ चालते. तळ्याकाठी ज्याच्या नाकाला याच गोष्टीच्या मिरच्या झोंबल्या होत्या तो हाच गृहस्थ, हे आठवून बँकेतल्या धाकट्या बहिणीला हसू आवरेना. पण कप्तान खरंच बोलत होता. आणि बोलून झाल्यावर तो वाटेच्या कडेला सरकला, गवतात पाय ठेवून उभा राहिला, आणि काकूंना त्याने पुढे जाऊ दिलं.

सपाट दगड आला. काकू त्याच्यापाशी थांबल्या. त्यांच्या मागे सगळी ओळ थांबली. त्यांनी मागे बघितलं, कुणी काही बोलतंय का म्हणून. डॉक्टर काठीवर रेलून, डोळे मिटून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ कृतज्ञता होती. काकू पाणी प्यायल्या, त्यांनी तोंड पुसलं, आणि बसण्याऐवजी त्या चालू लागल्या. थोडं वर जाऊन पुन्हा थांबल्या. ओळ थांबली. पुन्हा निघाल्या. ओळ निघाली. आपण थांबलो की हे सगळे थांबतात आणि निघालो की निघतात, ही गोष्ट त्यांना हळूहळू आवडायला लागल्याचं त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

कप्तान त्यांच्या मागे चालत होता. पावलं मोठी टाकू नको, असं त्याने एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंनी आपली चाल आपणच शोधली होती. जन्मभर काउंटरमागे उभं राहिलेली बाई ती, पाय थकले म्हणून गिऱ्हाईक सोडून बसायची सवय त्यांना नव्हतीच. श्वासाची खरखर गेली. मान वर झाली. शेवटच्या खड्या चढावर, जिथे दगडांवर हात टेकून चढावं लागतं, तिथे त्यांनी ओढणी कमरेला खोचली, एक हात वर टाकला, आणि कप्तानाने आधाराला पुढे केलेला हात त्यांना दिसलाच नाही. एका दगडावर पाय घसरला तेव्हा मात्र मागे सगळ्यांचे हात एकदम पुढे झाले. काकूंनी दगडालाच दोन शिव्या दिल्या आणि पाय पुन्हा रोवला.

आणि मग वर आकाशाखेरीज काही उरलं नाही. खिंडीतला वारा अंगावर आला. काकू पहिल्या पोचल्या होत्या.

खाली मोठं तळं होतं.

इतक्या वर्षांच्या वर्णनांवरून काकूंनी मनात एक तळं तयार करून ठेवलं होतं. ते निळं होतं आणि दुकानाच्या काउंटरएवढ्या जागेत मावत होतं. हे हिरवं होतं, मध्ये काळपट, कडेला चांदीसारखं, आणि ते संपतच नव्हतं. ढगांच्या सावल्या पाण्यावरून चालत जात होत्या. पलीकडच्या काठावर रस्ता असावा, कारण तिथे मोहरीच्या दाण्यांएवढे ट्रक सरकत होते. काकू बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. मोठ्याने, पोट धरून, दुकानात गिऱ्हाइकांसमोर जसं कधीच हसता येत नाही तसं. लेकीने आईचं असं हसणं ऐकलं नव्हतं. ती शेवटून धावतच वर आली.

“काय गं आई?”

“अगं, यांना काही सांगता येत नाही,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “इतकी वर्षं ऐकतेय. यातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही यांनी.”

कप्तानाला ते लागायला हवं होतं. पण त्याला कधी नव्हे इतका आनंद झाला होता, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

खिंडीची एक जुनी रीत होती, आणि ती लेकीने मोडली नव्हती. जो पहिला पोचेल त्याने बसायचं किती ते ठरवायचं. रीत कप्तानानेच घातली होती, आणि नेहमी पहिला तोच पोचत असल्यामुळे तिचा फायदाही त्यालाच होता. लेकीने ती आईला समजावून सांगितली आणि विचारलं, की किती बसायचं.

“माझे पाय म्हणतील तोवर,” काकू म्हणाल्या. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि गवतात पाय पसरले.

मंडळी बसली. बिस्किटं निघाली, फळं चिरली गेली. कधी नव्हे ते डॉक्टर गवतात आडवे झाले आणि घोरू लागले. बँकेतल्या थोरल्या बहिणीने सांगितलं, की कप्तान बरोबर असताना या खिंडीत आपण आज पहिल्यांदा बसलो. कप्तान ऐकत होता. थोड्या वेळाने सवयीने त्याचे हात गुडघ्यांवर गेले, तो अर्धा उठला आणि म्हणाला, “चला.”

कुणी हललं नाही. सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

“बसा,” काकू म्हणाल्या.

कप्तान बसला.

डावीकडे छोटी वाट खाली उतरत होती. तिच्या टोकाला रस्त्यावर व्हॅन उभी होती, पांढरी, साबणाच्या वडीएवढी. व्हॅनवाला बाहेर येऊन वर बघत होता. कप्तानाने एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं. वाटेत मनातल्या मनात त्याने बरीच भाषणं जुळवली होती, आपल्याला काही होत नाही म्हणून, टेकड्यांशिवाय माणूस कसा जगेल म्हणून. आता त्यांतलं एकही आठवेना. आठवलं असतं तरी त्याने म्हटलं नसतं. ठरवायचं ते काकूंनी, हे त्याला आज पहिल्यांदा मनापासून कबूल होतं, आणि त्या व्हॅन म्हणाल्या तर तो व्हॅनमध्ये जाऊन बसणार होता. भीती मात्र वाटतच होती. त्याने शर्टाची बाही वर सरकवली आणि मनगट पुढे करून तो वाट बघत राहिला. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ काकूंनी ते मनगट हातात घेतलं होतं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, ओठ हलवत.

मंडळींपैकी जो तो आपल्या पिशवीत काही ना काही शोधू लागला.

काकूंनी मोजे झटकले आणि घातले. बूट घातले. लेस आवळताना त्यांची नजर खालच्या पाण्यावर होती, तिथे एक सावली काठाला लागून पुन्हा आत वळत होती. मग त्या उठल्या, अंगावरचं गवत झटकलं, डावीकडच्या वाटेकडे एकदा आणि समोरच्या वाटेकडे एकदा बघितलं, आणि समोरच्या वाटेने तळ्याकडे उतरू लागल्या.

लेक गोंधळली.

“आई, अगं बाबांची नाडी बघायची राहिली.”

काकू पहिल्या वळणावर पोचल्या होत्या. उतारावर त्यांची चाल आणखीच मोकळी झाली होती. त्या थांबल्या नाहीत, वळल्याही नाहीत, नुसता हात वर करून त्यांनी ओरडून सांगितलं, “येतील ते मागनं.”

लेकीने बापाकडे पाहिलं. कप्तानाने बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं, आणि काकूंच्या मागची जागा दुसरं कुणी घेण्याआधी तो घाईघाईने तिकडे निघाला.